अंदमानची डुबकी आणि अठरा हप्ते

समजा, बडोद्याचे एक जोडपे आहे. दोघे नोकरी करतात आणि घरखर्च भागून महिन्याला सहा हजार रुपये शिल्लक राहतात. त्यांना अंदमानला जाऊन स्कूबा डायव्हिंग करायचे आहे. हा ऑगस्ट महिना आहे. येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत निघायचे ठरले. दोघांचा मिळून अंदाजे खर्च 1,08,000 रुपये धरू. विमानभाडे रोज बदलते, त्यामुळे हा आकडा केवळ उदाहरणापुरता आहे. तुमचा हिशेब तुमच्या गावापासून मांडावा लागेल. इंदूर किंवा हैदराबादहून निघणाऱ्याचे भाडे वेगळे येईल, चेन्नई किंवा कोलकात्यात राहणाऱ्याचे बरेच कमी येईल.

फेब्रुवारीच का? अंदमानात ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात परतीच्या मोसमी वाऱ्यांचा पाऊस असतो आणि बंगालच्या उपसागरात वादळेही होतात. डिसेंबर 2016 मध्ये अशाच वादळी हवामानाने हॅवलॉक आणि नील बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले होते आणि नौदलाला त्यांची सुटका करावी लागली होती. (हॅवलॉकचे आजचे नाव स्वराज द्वीप, नीलचे शहीद द्वीप. पोर्ट ब्लेअरला 2024 पासून श्री विजयपुरम म्हणतात.) जानेवारीपासून समुद्र शांत होऊ लागतो आणि पाणी नितळ दिसते. नाताळ ते नववर्ष हा आठवडा मात्र सर्वांत महाग असतो. हवामान आणि खिसा या दोघांनाही फेब्रुवारी सोयीची पडते.

आता पैशांकडे वळू. बहुतेक जण अठरा महिन्यांची एकच आवर्ती ठेव, म्हणजे आरडी, काढतात आणि मुदत संपली की निघू म्हणतात. इथेच गणित चुकते, कारण सहलीची बिले एकाच दिवशी येत नाहीत. विमानाची तिकिटे चार-पाच महिने आधी काढावी लागतात, खोलीची आगाऊ रक्कम त्यानंतर, आणि डायव्हिंगचे बहुतेक पैसे प्रत्यक्ष बेटावर द्यायचे असतात. सगळे पैसे फेब्रुवारीत हाती येणार असतील, तर ऑक्टोबरात तिकिटांसाठी एकतर आरडी मोडावी लागते किंवा क्रेडिट कार्ड पुढे करावे लागते.

म्हणून सहा हजारांचे दोन भाग करावेत. तीन हजारांची एक आरडी चौदा महिन्यांची, दुसरी तीन हजारांचीच, पण अठरा महिन्यांची. पहिली पुढच्या ऑक्टोबरात पिकते. तिचे 42,000 रुपये तिकिटांना जातात. त्या महिन्यापासून मोकळे झालेले तीन हजार जानेवारीपर्यंत चार वेळा बचत खात्यात राहू द्यावेत. हे 12,000 रुपये खोलीच्या आगाऊ रकमेसाठी आणि बोटीच्या तिकिटांसाठी. दुसरी आरडी ऐन फेब्रुवारीत पिकते आणि 54,000 रुपये हातात येतात. व्याजदर साडेसहा टक्के धरला तर दोन्ही ठेवींवर मिळून साडेचार हजारांच्या आसपास व्याज मिळेल. हे व्याज खर्चात धरू नका. ते कशासाठी ठेवायचे ते पुढे येतेच.

हेच 1,08,000 रुपये सोळा टक्के दराने कर्ज काढून आणले आणि अठरा महिन्यांत फेडले, तर हप्ता महिन्याला 6,800 रुपयांच्या जवळ जातो आणि व्याजापोटी सुमारे 14,200 रुपये भरावे लागतात. सहलीचे फोटो जुने होतात, हप्ते चालूच राहतात.

आरडी कुठे काढायची? टपाल खात्याची आरडी चांगली असली तरी ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांच्या आत मुदतपूर्व बंद करता येत नाही. या कामासाठी बँकेचीच आरडी हवी. हप्ता चुकला तर बँक दंड लावू शकते, म्हणून पगाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खात्यातून आपोआप रक्कम वळती होण्याची सूचना देऊन ठेवा.

तिकीट काढण्याआधी मात्र एक काम आहे, आणि ते सर्वांत स्वस्त आहे. डायव्हिंग केंद्रे पाण्यात उतरवण्याआधी आरोग्याची प्रश्नावली भरून घेतात. दमा, हृदयविकार, कानाचे किंवा फुप्फुसाचे दुखणे, गरोदरपण अशा प्रश्नांपैकी एकालाही ‘होय’ असे उत्तर आले, तर डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. केंद्राकडून ही प्रश्नावली घरीच मागवून घ्या. डॉक्टरांची फी काही शे रुपये. तेच दमा असल्याचे बेटावरच्या काउंटरवर सांगितले, तर तिकिटे आणि खोलीचे पैसे आधीच गेलेले असतात. खरे उत्तर लपवू मात्र नका. मुले बरोबर असतील तर लक्षात ठेवा की दहा वर्षांखालच्या मुलांना समुद्रात स्कूबा करू देत नाहीत. चौघांच्या पॅकेजचे पैसे भरून तिघांनीच डुबकी मारायची, असे होऊ नये.

काय विकत घेत आहोत तेही नीट पाहा. पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षकाच्या हाताखाली एकदाच मारायची डुबकी मिळते आणि ती जास्तीत जास्त बारा मीटरपर्यंत असते. ‘ओपन वॉटर’ हा अभ्यासक्रम तीन-चार दिवसांचा आहे. त्यात अठरा मीटरपर्यंत उतरता येते, पण त्यासाठी पोहता आले पाहिजे आणि खर्चही कितीतरी पट येतो. किनाऱ्यावरून उतरायचे की बोटीने दूर जायचे, यावरही दर बदलतो. सांगितलेल्या दरात साधनांचे भाडे, फोटो आणि जीएसटी धरले आहेत का, हे लेखी विचारा. सर्दीने कान बंद झाले तर प्रशिक्षक तुम्हाला उतरू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण मग पैसे परत मिळतील की तारीख बदलून मिळेल, हेही आधीच विचारलेले बरे.

शेवटचा दिवस मुद्दाम वेगळा काढला आहे, कारण फुगलेले बजेट नेहमी तिथेच सापडते. पाण्याखाली दाबाखालची हवा श्वासात घेताना शरीरात नायट्रोजन विरघळतो. तो बाहेर पडायला वेळ लागतो. विमानात हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे लगेच उड्डाण केले तर त्याचे बुडबुडे होऊन गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून एकच डुबकी झाली असेल तर किमान बारा तास, आणि अनेक डुबक्या झाल्या असतील तर किमान अठरा तास विमानात बसू नये, असा नियम पाळतात. ‘सकाळी डायव्हिंग, दुपारी विमान’ असे वेळापत्रक कोणी दिले, तर ते नाकारा. शेवटची डुबकी आदल्या दिवशी सकाळी आटपायची, दुपारच्या बोटीने श्री विजयपुरम गाठायचे आणि तिथे एक रात्र काढायची. ती एक रात्र जाहिरातीत दिसत नाही, पण ती बजेटात असायलाच हवी. शिवाय समुद्र खवळला आणि बोट रद्द झाली, तर आणखी एक रात्र लागते. साडेचार हजारांचे व्याज बाजूला ठेवायला सांगितले ते यासाठी.

विम्याची पॉलिसी उघडून ‘साहसी खेळ’ हे शब्द शोधा. आरोग्य विम्यात हल्ली वापरले जाणारे ठरावीक कलम व्यावसायिक म्हणून अशा खेळात भाग घेणाऱ्याचा खर्च वगळते आणि त्यात स्कूबा डायव्हिंगचे नाव आहे. हौशी पर्यटकाची गोष्ट वेगळी ठरू शकते. प्रवास विमा आणि अपघात विमा यांची कलमे मात्र कंपनीगणिक बदलतात. काही पॉलिसींत डायव्हिंगसाठी वेगळा हप्ता भरून संरक्षण घ्यावे लागते. एजंटाच्या तोंडी ‘हो हो, आहे’ यावर विसंबू नका, ईमेलवर उत्तर मागा.

पैसे भरताना रक्कम कोणाच्या नावाने जाते ते पाहा. नावाजलेल्या रिसॉर्टच्या नावाने हुबेहूब बनावट संकेतस्थळे चालतात आणि पैसे एखाद्या व्यक्तीच्या यूपीआयवर मागितले जातात. शंका आली तर रिसॉर्टचा क्रमांक दुसरीकडून शोधून स्वतः फोन करा. परतावा देतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका, असे कोणी सांगितले तर फोन ठेवून द्या. पैसे घेण्यासाठी पिन लागतच नाही. फसवणूक झालीच तर त्याच तासाला 1930 वर तक्रार करा आणि आपल्या बँकेलाही कळवा.

निघण्याच्या आदल्या दिवशी थोडी रोकड काढून दोघांच्या पाकिटांत वाटून ठेवा. स्वराज द्वीपवर एटीएम मोजकीच आहेत आणि नेटवर्क गेले की यूपीआयही थांबते.