शेवटचा आंकडा कोठें तोडावा?

गणित म्हटलें कीं उत्तर एकच असावयाचें, अशी आपली लहानपणापासूनची समजूत असते. परंतु भागाकार निःशेष झाला नाहीं, दशांशचिन्हापुढें आंकड्यांची रांग लागली, म्हणजे ती कोठें तोडावी हा प्रश्न उभा राहतो. आणि तो जितका गणिताचा तितकाच विवेकाचाही असतो. शाळेंत याला आसन्न किंमत काढणें असें म्हणतात. या लहानशा बाबीवर केवढें अवलंबून असतें, हें अमेरिकेंतील औषधशास्त्राच्या परवाना-परीक्षेच्या उदाहरणानें आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहोंत.

त्या देशांत फार्मसिस्ट म्हणून काम करावयाचें तर केवळ पदवी पुरत नाहीं. राज्याचा परवाना लागतो व त्यासाठीं ‘नॅप्लेक्स’ ही परीक्षा उतरावी लागते. १९०४ मध्यें स्थापन झालेली ‘नॅशनल असोसिएशन ऑफ बोर्ड्‌स ऑफ फार्मसी’ ही संस्था ती घेते. आपल्याकडील पदवीधरांस तर तत्पूर्वीं परदेशी पदवीधरांसाठीं असलेली समतुल्यतेची निराळी परीक्षाही द्यावी लागते. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरचीं मुलें-मुली या वाटेनें गेलीं असतील. तेव्हां हा विषय अगदींच परका नाहीं. नॅप्लेक्समधील कांहीं गणितांना पर्याय दिलेले नसतात. उत्तराची संख्या उमेदवारानें स्वतःच भरावयाची असते.

आतां एक उदाहरण घेऊं. रोग्याचें वजन १४५ पौंड. रक्त गोठूं न देणारें हेपॅरिन हें औषध त्यास दर किलोस ताशीं १८ युनिट या मानानें द्यावयाचें आहे. ५०० मिलिलिटर द्रावांत २५,००० युनिट, म्हणजे एका मिलिलिटरांत ५० युनिट औषध आहे. तर ताशीं किती मिलिलिटर द्रव सोडावा? “उत्तर एक दशांश स्थळापर्यंत द्या,” एवढीच सूचना.

एक विद्यार्थी १४५ ला २.२ नें भागतो, ६५.९०९ किलो हा आंकडा तसाच पुढें नेतो आणि शेवटीं त्याला २३.७२७, म्हणजे २३.७ मिळतात. दुसरा वजन आरंभींच ६६ किलो धरतो. त्याचें उत्तर २३.७६, म्हणजे २३.८ येतें. दोघांची रीत एकच, दोघांनीं सूचना पाळली, तरी उत्तरें दोन! पूर्णांकांत उत्तर मागितलें असतें तर दोघेही २४ वर येऊन थांबले असते.

पहिल्याचें वर्तन अधिक शास्त्रशुद्ध आहे, कारण मधल्या पायरीवर आंकडा तोडल्यानें चूक पुढें वाहत जाते. पण दुसऱ्यासही सर्वस्वीं दोषी म्हणवत नाहीं; रुग्णालयांतील कागदावर वजन ६६ किलो असेंच लिहिलेलें असणें स्वाभाविक आहे. रोग्याच्या दृष्टीनें हा फरक ताशीं पांच युनिटांचा, अकराशें शाऐंशींच्या मानानें नगण्य. उमेदवाराचा मात्र गुण जाऊं शकतो. प्रत्यक्ष परीक्षेचे प्रश्न गुप्त असल्यामुळें त्यांवर आम्हीं ठपका ठेवणें उचित नव्हे; परंतु सरावाच्या प्रश्नांत अशी मोघम सूचना असली, तर आपलें ज्ञान कमी कीं सूचना अपुरी, हेंच विद्यार्थ्यास उमगत नाहीं.

शिवाय जवळचा आंकडा हाच नेहमीं योग्य आंकडा असतो असेंही नाहीं. पांच मिलिलिटर औषध दिवसांतून तीन वेळां, चौदा दिवस घ्यावयाचें, म्हणजे एकूण २१० मिलिलिटर. बाटली १०० मिलिलिटरची असेल तर हिशेब २.१ बाटल्यांचा होतो. शाळेच्या नियमानें दोन; परंतु दोन बाटल्या दिल्या तर अखेरचें औषध अपुरें पडेल, म्हणून तीनच द्यावयास हव्यात. उलट मिनिटास ३१.२५ थेंब असें उत्तर आलें तर ३१ च धरावे, कारण पाव थेंब मोजतां येत नाहीं.

याहून सूक्ष्म अडचण शून्याची. पांच मिलिग्रॅम हें ‘५.०’ असें लिहूं नये, असें औषधसुरक्षेचे जाणकार बजावतात. मधला ठिपका नजरेआड झाला तर पांचाचे पन्नास होतात. तसेंच ‘.५’ न लिहितां ‘०.५’ लिहावें, असाही त्यांचा आग्रह असतो. आतां “एक दशांश स्थळापर्यंत” अशी सूचना असून उत्तर नेमकें पांच आलें, तर विद्यार्थ्यानें परीक्षकाचें ऐकावें कीं गुरूंचें?

यावर उपाय अवघड नाहीं. आंकडा केव्हां तोडावा, किती स्थळांपर्यंत तोडावा, आणि पौंडाचे किलो करतांना कोणता गुणक घ्यावा, या तीन गोष्टी प्रश्नांतच स्पष्ट लिहाव्यात. दोन उत्तरें समर्थनीय असतील तर दोन्ही ग्राह्य धरावींत. उमेदवारानेंही निराळी आज्ञा नसेल तोंवर सर्व आंकडे शेवटपर्यंत राखावे आणि एकदांच तोडावे.

घरांत मुलांचा अभ्यास घेतांना वडील मंडळींनीं एवढें अवश्य करावें: उत्तर आलें म्हणजे “बरोबर कीं चूक?” एवढेंच न विचारतां “हें कशाचें उत्तर? बाटल्यांचें, थेंबांचें कीं वजनाचें?” असेंही विचारावें. ज्या हातांतून उद्यां कोणाच्या तरी जिवाचें औषध जावयाचें, त्यास ही संवय लहानपणींच लागलेली बरी.