बी-पेशी परतल्या, ल्युपस नाही

ल्युपसचं निदान झालं की घरात पहिली धावपळ होते ती काढ्याची आणि च्यवनप्राशची. प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून आजार झाला, तेव्हा ती वाढवा, असा हा सरळ हिशेब. पण ल्युपसमध्ये प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती घरच्यांवरच उलटलेली असते. बी-पेशी आपल्याच पेशींतल्या डीएनएविरुद्ध प्रतिपिंडं बनवू लागतात आणि मूत्रपिंड, त्वचा, सांधे सुजत जातात. दहा रुग्णांत नऊ बायका, त्याही बहुतेक ऐन उमेदीच्या. अशा शरीरात प्रतिकारशक्ती आणखी डिवचण्यात काहीच शहाणपण नाही.

ल्युपसवर आता कार-टी उपचार करून पाहताहेत असं सांगितलं की येणारी दुसरी शंका जास्त रास्त आहे: ‘कार-टी हे रक्ताच्या कर्करोगाचं औषध, ते इथे कशाला?’ अमेरिकेत २०१७ साली कार-टीला पहिली मंजुरी मिळाली ती ल्युकेमियासाठीच. रुग्णाच्या टी-पेशी काढून त्यांत एक नवं जनुक घालतात. त्यामुळे त्या पेशींवर जो रिसेप्टर उगवतो, तो बी-पेशींवरची सीडी१९ ही खूण ओळखतो आणि मग टी-पेशी त्या बी-पेशीला मारते. बी-पेशी कर्करोगाची आहे की ल्युपसची, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. जर्मनीतल्या एर्लांगेन विद्यापीठात गेऑर्ग शेट यांच्या गटाने नेमकं हेच हेरलं. २०२१ मध्ये त्यांनी वीस वर्षांच्या एका मुलीवर हा उपचार केला. तिच्या मूत्रपिंडांना ल्युपसने गाठलं होतं. स्टिरॉइड, सायक्लोफॉस्फमाइड, रिटुक्सिमॅब सगळं देऊन झालं होतं. कार-टी पेशी दिल्यावर पाच आठवड्यांत डीएनएविरोधी प्रतिपिंडांचा आकडा पाच हजारांच्या वरून चारवर आला आणि लघवीतून जाणारी प्रथिनं जवळपास थांबली.

मग रिटुक्सिमॅबने हे का होत नाही? तेही बी-पेशीच मारतं, वर पुष्कळ स्वस्त. फरक खोलीचा आहे. रिटुक्सिमॅबनंतर रक्तातल्या बी-पेशी दिसेनाशा होतात, पण लसिकाग्रंथींत दडलेल्या बऱ्याच वाचतात. हरळी वरून कापली आणि मुळी राहिली की पहिल्या पावसात पुन्हा फोफावते, तसं. कार-टी पेशी स्वतः हिंडतात, वाढतात, ग्रंथींपर्यंत पोचतात. उपचारानंतर काढलेल्या लसिकाग्रंथींच्या तुकड्यांत बी-पेशी सापडल्याच नाहीत.

यावर लोक म्हणतात, ‘म्हणजे शरीर कायमचं उघडं पडणार.’ माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत विलक्षण गोष्ट इथेच आहे. एर्लांगेनच्या पहिल्या पाच रुग्णांत बी-पेशी सरासरी ११० दिवसांनी परत आल्या. त्या अस्थिमज्जेत नव्याने तयार झालेल्या, कोऱ्या पेशी होत्या, आणि त्यांच्यामागून ल्युपस आला नाही. लहानपणीच्या लसींची प्रतिपिंडंही बहुतांशी टिकली, कारण ती बनवणाऱ्या दीर्घायुषी प्लाझ्मा पेशींवर सीडी१९ नसतं, म्हणून त्या वाचतात. मधल्या काळात जंतुसंसर्गाचा धोका असतो, तो नाकारण्यात अर्थ नाही.

जनुक बदललं म्हणून ते पुढच्या पिढीत जाईल, ही भीती मात्र सोडून द्यावी. बदल फक्त शरीराबाहेर काढलेल्या टी-पेशींत होतो, बीजांडांत नाही. कार-टी म्हणजे स्टेम सेल उपचारही नव्हे.

‘एक सलाइन लावलं की झालं’ हेही अर्धसत्य. रक्त काही तास यंत्रातून फिरवून पांढऱ्या पेशी वेगळ्या करतात, प्रयोगशाळेत त्या बदलून वाढवायला काही आठवडेही लागू शकतात, आणि पेशी परत देण्याआधी फ्लुडाराबिन व सायक्लोफॉस्फमाइड ही केमोथेरपी असते. शेवटची पिशवी मात्र खरंच काही मिनिटांत संपते. नंतर ताप चढतो, कधी रक्तदाब घसरतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पंधरा रुग्णांच्या अहवालात (आठ ल्युपसचे, बाकी स्नायुदाहाचे आणि सिस्टेमिक स्क्लेरोसिसचे) हा त्रास बहुतेकांत सौम्य होता, आणि सर्वांची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं बंद करता आली. पण त्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीएने मंजूर कार-टी औषधांवर टी-पेशींच्या कर्करोगाच्या धोक्याचा ठळक इशारा छापायला लावला. हा कर्करोग फार क्वचित होतो, पण विशीतल्या मुलीला पुढची पन्नास वर्षं काढायची असतात. शिवाय सायक्लोफॉस्फमाइडचा बीजांडांवर परिणाम होऊ शकतो. मूल हवं असेल तर हे आधीच विचारून घ्यावं.

टी-पेशी म्हणजे फक्त मारेकरी, असंही नाही. दाह शमवणाऱ्या नियामक टी-पेशींच्या शोधाला २०२५ चं नोबेल मिळालं. दात्याचं मूत्रपिंड ओळखून तिथेच दाह थांबवतील, अशा बदललेल्या नियामक पेशींच्या चाचण्या प्रत्यारोपणाच्या रुग्णांवर झाल्या आहेत.

राहता राहिला हा उपचार मुंबईत मिळण्याचा प्रश्न. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमध्ये घडलेल्या नेक्सकार१९ या कार-टी औषधाला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, किंमत साधारण चाळीस लाखांच्या घरात. परदेशातल्या कोट्यवधींच्या मानाने ती कमी आहे, पण ती मंजुरी बी-पेशींच्या लिम्फोमा आणि ल्युकेमियासाठी होती. ल्युपससाठी कार-टी घ्यायची तर वाट चाचणीची. आणि आयसीएमआरच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनाचा खर्च रुग्णाच्या खिशातून घ्यायचा नसतो. चाचणीच्या नावाखाली कुणी पैसे मागितले, तर फाइल उचलून तिथून सरळ बाहेर पडावं.