जुना डेस्कटॉप रडतखडत चालतोय? नवा घेण्याआधी हे तपासा

काटोल : संत्र्याच्या फळपीक विम्याची मुदत संपत आली की तालुक्यातल्या सेवा केंद्रांसमोर रांग लागते. सातबारा, आधार, पासबुक घेऊन शेतकरी दारात उभा, आणि आत टेबलावरचा आठ-दहा वर्षांचा डेस्कटॉप नुसतं चक्र फिरवत बसलेला. "सर्व्हर डाऊन आहे" हे वाक्य आता सगळ्यांना पाठ झालं आहे. पण दरवेळी दोष सर्व्हरचाच असतो असे नाही.

ओळखायची सोपी युक्ती आहे. तीच साइट त्याच वायफायवर मोबाइलमध्ये उघडून पाहावी. तिथेही अडली तर कॉम्प्युटरला शिव्या देऊन फायदा नाही. मोबाइलवर झटकन उघडली, तर घोटाळा डब्यात आहे.

आता डब्यात कुठे, ते पाहायचे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क किती टक्के गुंतली आहे ते दिसते. कॉम्प्युटर अडला असताना जो आकडा शंभरच्या जवळ चिकटून राहतो, अडचण बहुतेक तिथेच असते. दुकानदाराला बोलावण्याआधी हे पाच मिनिटं पाहावं. नाहीतर मेमरीची गरज असताना भलतेच काही बदलून दिले जाते.

जुन्या डेस्कटॉपमध्ये बहुतेकदा डिस्कच शंभरवर सापडते. जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकती फिरते आणि एक सुई त्यावर माहिती शोधत हिंडते. साधी चकती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते, त्याहून जोरात नाही. एसएसडीमध्ये फिरणारे काही नसते. साध्या साटा एसएसडीचा वाचनाचा वेग सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास असतो, हार्ड डिस्कचा साधारण १०० ते १५०. विखुरलेल्या बारीक फाइल शोधताना तर हा फरक कितीतरी पटीने वाढतो. म्हणून कॉम्प्युटर सुरू व्हायला लागणारा चहा पिण्याइतका वेळ अर्ध्या-एक मिनिटावर येतो. एकाच गोष्टीवर पैसा टाकायचा असेल तर तो इथे टाकावा.

मेमरी भरलेली दिसत असेल तर रॅम वाढवावी. ४ जीबीवर आजचे ब्राउझर धापा टाकतात, ८ जीबीवर फॉर्म भरण्याचे काम निभते. पण डीडीआर-३ च्या खाचेत डीडीआर-४ ची पट्टी बसत नाही. नागपूरला सीताबर्डीत आणायला जाणार असाल तर जुनी पट्टी काढून सोबत न्यावी, नाहीतर परत एक चक्कर. आणि विंडोज ३२ बिटची असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम तिला वापरताच येत नाही. आधी ६४ बिटची टाकावी लागते.

बिनपैशाचे उपायही आहेत. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप भागात जाऊन, कॉम्प्युटरसोबत आपोआप सुरू होणारे नको ते प्रोग्राम बंद करावेत. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढावा, ते एकमेकांच्याच पायात पाय घालतात. सी ड्राइव्ह गच्च भरू देऊ नये. "एका क्लिकवर वेग वाढवा" म्हणणारे फुकटचे सॉफ्टवेअर मात्र घेऊच नये, ते उलट आणखी ओझे आणतात.

विदर्भाच्या उन्हाळ्यात धूळही तेवढीच छळते. पंख्याच्या जाळीत धूळ बसली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. वायर काढून, पंखा बोटाने धरून ब्लोअर मारावा. घड्याळ रोज मागे जात असेल तर आतला बटणासारखा सेल संपला आहे. तारीख चुकली की सरकारी साइट "असुरक्षित" म्हणून उघडत नाहीत, आणि लोक नेटवाल्याला फोन करतात! हा सेल फार महाग नसतो.

खरी भीती वेगळीच आहे. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर वेग वाढवायच्या फंदात पडू नये. आधी माहिती दुसरीकडे काढून घ्यावी. फॉरमॅट मारताना ग्राहकांच्या फाइल, हिशेब आणि मुलांचे फोटो गेले की सहसा परत येत नाहीत. कृतिदेव, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रे असतील तर फॉन्टही जपून ठेवावेत. ते नसले की मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

आणखी एक बाब. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. घरगुती वापरासाठी नोंदणी करून ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात. विंडोज ११ जुन्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. मुलांच्या अभ्यासाला आणि नेटला लिनक्स मिंट फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही बऱ्यापैकी चालते. पण सेवा केंद्रवाल्यांनी त्या वाटेला जाण्याआधी बोटांचे ठसे घेणारे यंत्र आणि प्रिंटर त्यावर चालतात का, हे पेन ड्राइव्हवरून सुरू करून तपासून घ्यावे. आणि हे काम विम्याच्या शेवटच्या आठवड्यात काढू नये.