पापणीच्या कडेचं तेल

पहाटे पावणेसहा

जाग आली तरी डोळे लगेच उघडत नाही. रात्रभरात वरची पापणी बुबुळाला चिकटून बसलेली असते. झटकन उघडली तर साल सोलल्यासारखी कळ जाते आणि मग तासभर डोळा नुसता वाहतो. म्हणून मिटल्या डोळ्यांनीच बुबुळं दोन-तीनदा डावी-उजवीकडे फिरवते, उशाशी ठेवलेली थेंबांची कुपी चाचपते, आतल्या कोपऱ्यात एकेक थेंब सोडते आणि थोड्या वेळाने हळूच पापणी उचलते.

सहा

एका शेगडीवर दूध, दुसरीवर पाणी. स्वच्छ सुती रुमालाच्या चार घड्या गरम पाण्यात बुडवून पिळायच्या आणि आधी मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहायच्या, तान्ह्या बाळाचं दूध पाहतात तशा. पापणीची कातडी फार पातळ असते. चाळीसएक अंश ऊब पुरे, पण ती आठ-दहा मिनिटं टिकली पाहिजे. ओला रुमाल दोन मिनिटांत निवतो, म्हणून दोन रुमाल आलटून पालटून वापरते. या दहा मिनिटांत कुणी हाक मारली तरी मी उठत नाही. घरात सगळ्यांना ते आता ठाऊक आहे.

कारण दुखणं पाण्याचं नाही, तेलाचं आहे. वरच्या पापणीच्या कडेत २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० बारीक तैलग्रंथी एका ओळीत उभ्या असतात. हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या मायबोमियन ग्रंथी. प्रत्येक उघडझापेसरशी त्यातून कणभर तेल येतं आणि अश्रूंवर साय धरावी तसं पसरतं. ती साय नसली की अश्रू उडून जातात. माझ्या ग्रंथींतलं तेल थंडीतल्या खोबरेल तेलासारखं थिजतं. बाटली उन्हात ठेवतो, तसंच हे शेकणं.

शेकून झालं की बोटाच्या पेराने वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, दोन्हीकडून केसांच्या दिशेने हलके निपटायची. मग पापण्या पुसायची ओली पट्टी घेऊन केसांच्या मुळाशी साठलेली खवलं काढायची. डोळा मिटलेलाच. प्रत्येक डोळ्याला वेगळी पट्टी.

साडेनऊ

स्कूटर. चेहऱ्याला स्कार्फ, वर हेल्मेट, डोळ्यांवर कडेने बंद असलेला चष्मा. हा चष्मा धुळीपेक्षाही वाऱ्यासाठी आहे.

दहा

मुद्रितशोधनाला बसते. ऑक्टोबर, म्हणजे दिवाळी अंकाचे शेवटचे फर्मे. त्यातला एक जुना लेख मूळ लेखनासह पुन्हा छापायचा आहे. १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. हा लेख त्याच्या आधीचा, त्यामुळे ओळीओळीत टिंबं. आणि नेमकी टिंबंच माझ्या डोळ्यांना दगा देतात. अर्धं पान नजर खिळवून वाचलं की अक्षरांच्या डोक्यावर धुकं येतं, अनुस्वार विरघळतो. पापणी पूर्ण मिटून उघडली की परत दिसतो. चष्म्याचा नंबर तीनदा तपासून घेतला होता मी, पण दोष नंबरात नव्हताच.

एरवी माणूस मिनिटाला पंधराएक वेळा पापण्या मिटतो. पडद्यावर वाचताना ते ५ ते ७ वर येतं, आणि त्यातल्याही बऱ्याच उघडझापा अर्धवट, पापणी पापणीला टेकतच नाही. म्हणून दर परिच्छेदाच्या शेवटी डोळे पूर्ण मिटून क्षणभर थांबते. पडदा नजरेच्या खाली ठेवलाय, म्हणजे डोळा कमी उघडा राहतो. एसीचा झोत थेट तोंडावर यायचा. अक्षरजुळणी करणाऱ्या मुलाने स्वतःहून टेबलांची अदलाबदल केली. "ताई, तुमच्या चुका मला निस्तराव्या लागतात, तुम्ही इथे बसा," म्हणाला. फार बरं वाटलं.

दीड

डबा. नवी आलेली मुलगी विचारते, "ताई, डोळे आलेत का?" आणि नकळत डबा थोडा मागे घेते. तिचं चुकत नाही. लाल कडा पाहून कुणालाही तसंच वाटतं. मी सांगते की ही पापण्यांच्या कडांची सूज आहे, तुला लागायची नाही.

पण अशीच लाली घालवायला मी दोन वर्षांपूर्वी जे केलं, ते प्रत्येकाला सांगते. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय थेंब आणले. दोन दिवसांत डोळे पांढरेशुभ्र. लाली परत आली की तेच थेंब, असे चार महिने. त्यात स्टेरॉइड होतं. डोळ्यातला दाब वाढलेला आढळला तेव्हा पायांखालची जमीन सरकली. थेंब बंद केल्यावर दाब उतरला, पण प्रत्येकाचा उतरतोच असं नाही. आणि दाबामुळे होणाऱ्या काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. स्टेरॉइड कधी लागतंही, मात्र ते डॉक्टरांनी मोजून द्यायचं.

त्या तपासणीत पहिल्यांदा कुणी पापणी नीट पाहिली. खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं अडकवली, ती १४ मिलिमीटर भिजली, म्हणजे पाणी पुरेसं. मग नारिंगी रंग घालून निळ्या उजेडात अश्रूंचा थर किती टिकतो ते मोजलं. दहा सेकंदांहून जास्त टिकायला हवा; माझा चौथ्यालाच फुटला. शेवटी पापणीची कड दाबली. तेलाच्या जागी टूथपेस्टसारखं घट्ट काही बाहेर आलं. डोळ्यांतून सारखं पाणी येतं आणि तुम्ही कोरडे कसे म्हणता, असं मी विचारलं होतं. उत्तर त्या कडेवर होतं. कोरड्या डोळ्याला झोंबतं, म्हणून तो पाणी सोडतो, आणि ते पाणी तेलावाचून टिकत नाही.

चार

दिवसातला चौथा थेंब. इतक्यांदा घालायचे तर टिकाऊपणासाठी रसायन न घातलेल्या, एकदाच वापरायच्या कुप्या घ्याव्या लागतात. ते रसायनच रोज डोळ्याला टोचतं. महाग पडतात. गुलाबपाणी आणि मध सुचवणारे पुष्कळ भेटतात. मी डोळ्यात घालत नाही.

साडेसात

मावसबहिणीकडे बारसं. सगळ्या नटलेल्या. काजळ मी तीस वर्षं घातलं, पापणीच्या आतल्या कडेवर, बरोबर त्या ग्रंथींच्या तोंडांवर. आता नाही घालत. आरशात चेहरा अजून अनोळखी वाटतो, हे खरंच सांगते.

साडेनऊ

पुन्हा पाणी, पुन्हा दोन रुमाल. सकाळचंच सारं. कंटाळा येतो तो याच वेळी. मागच्या पावसाळ्यात बरं वाटलं म्हणून तीन आठवडे सोडलं होतं, तर दोन रांजणवाड्या झाल्या.

साडेदहा

पंखा पायाशी येईल अशी खाट फिरवून घेतलीय. मलम घालते, जग दुधाळ होतं, वाचणं संपलं. जुन्या लेखाचं एक पान राहिलंय, सकाळी जायचंय. हे चष्मा लावून खुर्ची ओढतात आणि मूळ छापील पानावरून मोठ्याने वाचू लागतात, एकेक टिंब सांगत. मांडीवरच्या मुद्रितात खुणाही तेच करतात. मी डोळे मिटून ऐकते.

"थांबा. 'त्यांचें'वर टिंबं किती?"

"दोन."

"आणि मुद्रितात?"

कागद उजेडाकडे धरल्याचा आवाज येतो.

"एक."