गाणं आधी की राग आधी?

1981 साली लॉस एंजलिसच्या ‘ब्लॅक फ्लॅग’ या बँडचा ‘डॅमेज्ड’ हा अल्बम दुकानांत जायच्या बेतात होता. तबकड्या छापूनही झाल्या होत्या. वितरण एमसीए या बड्या कंपनीकडे होतं. पण तिच्या वितरण विभागाचे प्रमुख अल बर्गामो यांनी रेकॉर्ड ऐकली आणि नकार दिला. दोन मुलांचा बाप म्हणून त्यांना ती आईबापांच्या विरोधातली वाटली. बँडच्या पोरांनी त्यांचं तेच म्हणणं स्टिकरवर छापलं आणि कव्हरवरच्या एमसीएच्या चिन्हावर चिकटवून टाकलं. हार्डकोअर पंकचा पाया घालणाऱ्या मोजक्या रेकॉर्डींत आज ‘डॅमेज्ड’चं नाव घेतलं जातं.

कव्हरवर गायक हेन्री रोलिन्स आरशाला ठोसा मारताना दिसतो. आरसा आधीच हातोडीने फोडलेला होता, हातावरचं रक्त म्हणजे लाल शाई आणि कॉफी. आतल्या गाण्यांतला संताप मात्र रोजच्या जगण्यातून आलेला होता: पंकच्या कार्यक्रमांत घुसून पोरांना झोडपणारे पोलीस, टीव्हीसमोर सडणारी उपनगरं, स्वतःचीच घुसमट. बर्गामोंना यातलं काही दिसलं नाही. त्यांना बिघाड दिसला तो रेकॉर्डमध्ये.

गाण्यामुळे राग पेटतो, ही समजूत सत्तेला फार सोयीची असते. झाशीत खरा क्रम स्वच्छ दिसतो. 1853 मध्ये झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर वारले, दत्तक दामोदररावांना गव्हर्नर-जनरल डलहौसीने वारस मानलं नाही, 1854 मध्ये संस्थान खालसा झालं. एप्रिल 1858 मध्ये ह्यू रोजच्या इंग्रज फौजेने शहरात कत्तल आणि लूट केली. वरसईचे विष्णुभट गोडसे तेव्हा झाशीतच होते. ‘माझा प्रवास’मध्ये त्यांनी ते सारं लिहून ठेवलं आहे. बुंदेलखंडातल्या फिरस्त्या हरबोल्यांनी राणी लक्ष्मीबाईची कहाणी गावोगाव गायली, ती या सगळ्यानंतर.

महाराष्ट्रात हाच क्रम शाहिरीत सापडतो. 11 जुलै 1997 च्या सकाळी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक रस्त्यावर उतरले. राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि 10 जणांचा जीव गेला. ‘आव्हान नाट्य मंचा’चे शाहीर विलास घोगरे यांनी चार दिवसांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. 1985 च्या ‘हमारा शहर’ या माहितीपटात त्यांचा आवाज होता. तो करणाऱ्या आनंद पटवर्धनांनी घोगरेंच्या मृत्यूनंतर चित्रण सुरू केलं आणि 14 वर्षांनी, 2011 मध्ये, ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण झाला.

रोलिन्सची किंकाळी एकट्याची आहे. शाहीर ओळ टाकतो, कोरस ती उचलतो, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत समोरची वस्ती गायला लागते. शाहिरीची ताकद इथे आहे, आणि तिची धास्तीही म्हणूनच अधिक. शाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या तमाशांवर सरकारने बंदी घातली होतीच.

2002 मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या ‘कबीर कला मंचा’वर माओवादी संबंधांचा ठपका आला. मंचाचे शाहीर शीतल साठे आणि सचिन माळी भूमिगत झाले. 2 एप्रिल 2013 रोजी ते विधान भवनासमोर पोलिसांच्या स्वाधीन झाले, तेव्हा शीतल साठे गरोदर होत्या. जूनमध्ये उच्च न्यायालयाने शीतल यांना जामीन दिला.

पुढच्याच वर्षी चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा चित्रपट आला. गाणी संभाजी भगत यांची, वृद्ध शाहीर नारायण कांबळेच्या भूमिकेत वीरा साथीदार. कांबळेवर आरोप असा, की त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये आत्महत्या केली. मग त्या कामगाराची बायको साक्षीला उभी राहते. नवऱ्याला कामावर सुरक्षेचं काही साधन मिळत नव्हतं, वास सहन व्हावा म्हणून तो दारू पिऊन उतरायचा, गटारात हवा आहे की नाही हे झुरळ बाहेर येतं का त्यावरून ओळखायचा. सगळं ती सपाट आवाजात सांगते. मृत्यू कशाने झाला असेल, ते तिथेच उघड होतं. शाहिराला जामीन मिळतो आणि थोड्याच दिवसांत दुसऱ्या आरोपाखाली पुन्हा अटक होते.