चार काने

‘भाषा’ हा शब्द मराठी टाइपरायटरवर उमटवायला सहा ठोके लागायचे, आणि त्यातले चार कान्याचे. आधी अर्धा भ, मग त्याला पुरा करणारा काना, मग खरा काना. ष ची तीच तऱ्हा. पन्नासच्या आतल्या कळांत सगळी बाराखडी बसवायची तर ख, ण, श, ध यांची अर्धीच रूपं ठेवून उभी रेघ कान्याकडून उसनी घेणं आलं. आमच्या क्लासातल्या प्रत्येक मशीनवर कान्याची कळ पार गुळगुळीत झालेली असे. कुठली कळ ती, हे अंधारातही बोटाला कळायचं.

वेलांटीचं प्रकरण याहून चमत्कारिक. ‘विचार’ लिहायचा तर पहिली वेलांटी आधी, व नंतर. मात्रा किंवा उकार दाबला तर कॅरेज जागची हलत नसे. शाळेत दहा वर्षं गिरवलेलं सगळं जिन्याखाली ठेवून वर क्लासात यावं लागायचं. सर म्हणायचे, “डोकं घरी ठेवा, बोटं तेवढी घेऊन या.”

दहावीच्या सुट्टीत निम्मं गाव त्या जिन्यावर असायचं. तासाची बॅच, मळकट रिबन, कडेला टिणकन वाजणारी घंटी. घाई केली की दोन दांड्या एकमेकींत अडकायच्या आणि सोडवताना बोटं काळी व्हायची. मिनिटाला तीस शब्दांची ‘थर्टी’ पास झालेला ‘फॉर्टी’च्या मुलांकडे आदराने बघायचा. कारकुनाच्या नोकरीची ती पहिली पायरी होती, आणि मुलींना रोज घराबाहेर पडायला घरच्यांना पटणारं कारणही. हे दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

मशिनं दोन जातींची, रेमिंग्टन आणि गोदरेज. गोदरेजने १९५५ साली देशी बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला. २००९ मध्ये उत्पादन थांबवलं. कोणी काही म्हणो, गोदरेजची कळ जड होती. परीक्षा जवळ आली की रेमिंग्टनसाठी भांडणं व्हायची. सरांनी मला कायम खिडकीजवळची गोदरेज दिली. करंगळीत जोर येतो म्हणे! शिफ्ट दाबताना पूर्ण कॅरेज उचलली जायची, तेव्हा जोर आला असेलही.

चूक झाली तर कार्बनच्या तिन्ही प्रती वेगवेगळ्या खोडाव्या लागत. त्यामुळे वाक्य आधी मनात पुरं करायची सवय लागली. ती पुढे कॉम्प्युटरने घालवली.

कळांची ती मांडणी मात्र कॉम्प्युटरवरही आली. सरकारी कचेऱ्यांत, छापखान्यांत जुनी बोटं अजून ‘रेमिंग्टन’च मागतात. माझीही. युनिकोडच्या हिशेबात वेलांटी अक्षरानंतर येते, माझ्या बोटांच्या हिशेबात आधी. त्यामुळे ‘विचार’ लिहायला घेतला की पडद्यावर क्षणभर ठिपक्यांच्या वर्तुळाला टेकलेली एकटी वेलांटी दिसते. मग व येतो.