पाहुणा गिटारवादक आणि श्रोत्यांचे दोन तट

पेण तालुक्यातील जोहे हे गाव गणेशमूर्तींच्या कारखान्यांमुळे सर्वदूर परिचित आहे. हमरापूर, कळवे, तांबडशेत आणि जोहे या टापूत वर्षाचे बरेच महिने माती आणि रंग यांच्या संगतीतच जातात. हात गुंतलेले असले तरी कान मोकळे असतात. त्यामुळे कारखान्यात गाण्यांना तोटा नसतो आणि गाण्यांवरच्या वादांनाही. त्यांतला एक वाद रायगडकरांना मुळीच नवा नाही. मिरवणुकीसाठी गावची बेंजो पार्टी सज्ज असते. ऐन वेळी शेजारच्या गावातला एखादा नावाजलेला वादक पाहुणा म्हणून येऊन बसतो. टंकलेखन यंत्रासारख्या कळांवर त्याची बोटे फिरू लागतात, कर्ण्यांतून तारांचा आवाज आळीभर घुमतो आणि मिरवणूक रंगते. दुसऱ्या दिवशी मात्र गावात दोन तट पडलेले असतात. पाहुण्याने रंगत आणली, असे एकाचे म्हणणे. पाहुण्याने आपली पोरे झाकून टाकली, असे दुसऱ्याचे.

नेमका हाच वाद, जरा मोठ्या मंचावरचा, मुंबईत ध्वनिमुद्रित झालेल्या एका प्रसिद्ध अल्बमच्या वाट्याला आला. २००० सालच्या डिसेंबरमधील ८ आणि ९ तारखेला 'रिमेंबर शक्ती' या वाद्यवृंदाच्या मुंबईतील मैफलींचे मुद्रण झाले आणि २००१ मध्ये ते 'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे' या नावाने बाजारात आले. शहराचे नाव अधिकृतपणे मुंबई होऊन तेव्हा पाच वर्षे लोटली होती, पण वेष्टणावर 'बॉम्बे'च राहिले. ९ डिसेंबरला शनिवार होता, एवढे मात्र खरे.

या वाद्यवृंदाचे यजमान जॉन मॅकलॉफलिन हे इंग्लंडमधील यॉर्कशायरचे गिटारवादक. त्यांच्यासोबत झाकीर हुसेन यांचा तबला, यू. श्रीनिवास यांचे मेंडोलिन आणि व्ही. सेल्वागणेश यांची खंजिरी व घटम् असा चौघांचा मूळ संच होता. मुंबईत त्यांनी पाहुण्यांची रांगच उभी केली. पं. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, शंकर महादेवन यांचे गायन, शिवमणी, भवानीशंकर आणि तौफिक कुरेशी यांची तालवाद्ये. आणि या सर्वांत कोलकात्याचे देबाशीष भट्टाचार्य, हातात गिटार घेऊन. म्हणजे यजमान गिटारवादक आणि पाहुणाही गिटारवादक. वादाची ठिणगी येथेच आहे.

रॉकचा श्रोता काय शोधत आला?

मॅकलॉफलिन यांचे नाव भारतातील रॉकप्रेमींपर्यंत पोहोचले ते मुख्यत्वे १९७० च्या दशकारंभी त्यांनी उभारलेल्या 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा'मुळे. कानठळ्या बसवणारा ध्वनिवर्धक, अतिद्रुत गिटार, तिला टक्कर देणारे व्हायोलिन आणि ड्रम असा तो प्रकार होता. त्या संचाचे १९७३ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये मुद्रित झालेले वादन ज्यांनी ऐकले आहे, त्यांची अपेक्षा त्याच मापाची असते. असा श्रोता 'सॅटर्डे नाइट' लावतो तेव्हा त्याची पहिली तक्रार ठरलेली असते: यात गिटार कुठे आहे? मॅकलॉफलिन यांच्या इलेक्ट्रिक गिटारचा स्वर येथे मुद्दाम गोलसर, कडा घासून काढल्यासारखा ठेवलेला आहे. तो गर्दीत उठून दिसत नाही. त्यातच पाहुण्यांची सतत ये-जा, आणि 'शृंगार' ही रचना तर पंचवीस मिनिटांहून लांब. सबंध अल्बममध्ये रचना चारच: 'लुकी', 'शृंगार', 'गिरिराज सुधा' आणि 'बेल'अल्ला'. तीन-चार मिनिटांच्या गाण्यांवर वाढलेल्या कानाला हा हिशेब जड जातो.

शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याची तक्रार नेमकी उलट असते. त्याला पंचवीस मिनिटे फार वाटत नाहीत, कमीच वाटतात. आलापाला पुरेशी जागा मिळाली नाही आणि प्रत्येक रचना अखेरीस सवाल-जवाबाच्या आतषबाजीकडे धावते, असा त्याचा आक्षेप. हा आक्षेप निराधार म्हणता येणार नाही. तालवाद्ये एवढ्या संख्येने एकत्र आली की द्रुत लयीचा मोह आवरणे कठीण असते, आणि टाळ्या तेथेच पडतात.

दोन्ही तक्रारींत एक गोष्ट समान आहे. दोघेही घरून निघताना आपली मोजपट्टी बरोबर घेऊन आलेले असतात.

दोन गिटार, दोन स्वभाव

येथे वाद्यांकडे जरा बारकाईने पाहणे इष्ट ठरेल, कारण पाहुण्याचा न्याय त्यावरच अवलंबून आहे. मॅकलॉफलिन यांची गिटार पडद्यांची. डाव्या हाताची बोटे तारेला पडद्यावर दाबतात, उजव्या हातातील तुकडा तार छेडतो. प्रत्येक स्वर सुटा, टिपून काढल्यासारखा येतो. वेग हे या पद्धतीचे बलस्थान. मींड घ्यायची तर तार बाजूला ओढावी लागते आणि तिला मर्यादा असते. १९७० च्या दशकातील मूळ 'शक्ती'साठी मॅकलॉफलिन यांनी पडद्यांमधली जागा कोरून खोलगट केलेली आणि तरफांच्या तारा बसवलेली खास गिटार बनवून घेतली होती, ती याच मर्यादेवर मात करण्यासाठी. 'रिमेंबर शक्ती'च्या काळात मात्र ते इलेक्ट्रिक गिटारकडे वळले.

भट्टाचार्य यांची गिटार मांडीवर आडवी असते. डाव्या हातातील पोलादी दांडी तारांवरून सरकते. बोट पडद्यावर दाबण्याचा प्रश्नच उरत नाही. एका स्वरापासून दुसऱ्यापर्यंतचा सारा रस्ता ऐकू येतो. ही पद्धत हवाई बेटांवरून आपल्याकडे आली आणि रमली. आकाशवाणीवर हवाईयन गिटारवरील चित्रपटगीतांच्या धून ऐकत ज्यांच्या दुपारी गेल्या, त्यांना हा आवाज परका वाटण्याचे कारण नाही. त्या सुरावटीला रागसंगीताच्या बैठकीवर नेण्याचे मोठे श्रेय पं. ब्रिजभूषण काब्रा यांचे. १९६७ मध्ये काब्रा यांची गिटार, शिवकुमार शर्मा यांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी यांनी 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका साकारली. मराठी मध्यमवर्गीय घरांतील ग्रामोफोनवर आणि पुढे कॅसेटवर ती किती वेळा वाजली असेल, याची गणती नाही.

देबाशीष भट्टाचार्य हे त्याच काब्रांचे शिष्य. त्यांनी स्वतः 'चतुरंगी' ही चोवीस तारांची गिटार घडवली. आता जरा उलट बाजूने पाहावे. मुंबईच्या त्या पाहुण्यांच्या यादीत 'कॉल ऑफ द व्हॅली'चे संतूरवादक होते आणि त्याच मुद्रिकेच्या गिटारवादकाचा शिष्यही होता. चौरसिया तर १९९७ साली 'रिमेंबर शक्ती' नव्याने उभी राहिली तेव्हाच तिच्यासोबत वाजवून गेले होते. मग परका कोण आणि घरचा कोण? वेष्टणावर भट्टाचार्य पाहुणे आणि मॅकलॉफलिन यजमान असले, तरी या शहरात, या श्रोत्यांसमोर, रागदारीच्या अंगणात पाहुणा म्हणावा तर तो यॉर्कशायरचा गिटारवादक. त्याने ते अंगण आपलेसे केले, हा त्याचा मोठेपणा. पाहुण्यांमुळे यजमान झाकला गेला, असे म्हणणारे श्रोते ही बाजू सहसा लक्षात घेत नाहीत.

आधीचे पाहुणे

रॉकच्या इतिहासात पाहुण्या गिटारवादकावरून झालेले वाद काही थोडेथोडके नाहीत. त्यांतले एक उदाहरण आपल्या उपखंडाशी निगडित आहे. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या मदतीसाठी जॉर्ज हॅरिसन आणि पं. रविशंकर यांनी दोन कार्यक्रम घडवून आणले. आरंभी रविशंकर, उस्ताद अली अकबर खाँ आणि तबल्यावर उस्ताद अल्लारखा बसले. पुढे रॉकच्या भागात एरिक क्लॅप्टन पाहुणे गिटारवादक म्हणून उभे राहिले. तीन तबकड्यांच्या त्या संचाला १९७३ साली वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळाले. तथापि क्लॅप्टन यांच्या वादनाबद्दल श्रोत्यांत आजही एकमत नाही. ते त्या काळी व्यसनाने खचलेले होते, हातात घेतलेली पोकळ गिटारही त्या गाण्याला साजेशी नव्हती. गिटारची निवड चुकली, हे पुढे त्यांनीच कबूल केले. काही श्रोत्यांना तो एकल तुकडा अडखळलेला वाटतो, तर काहींना त्या अडखळण्यातच त्या दिवसाचे सत्य जाणवते.

हे दुसरे मत भाबडे वाटू शकेल. पण जिवंत मैफलीच्या अल्बमबाबत ते विचारात घ्यावेच लागते. अशा अल्बममध्ये 'जिवंत' म्हणजे नेमके किती, हा प्रश्न जुनाच आहे. मॅकलॉफलिन, पाको दे लुसिया आणि अल दि मिओला या तीन गिटारवादकांचा 'फ्रायडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को' हा १९८१ सालचा अल्बम पाहावा. मुंबईच्या अल्बमचे नाव त्याची आठवण करून देते. तो मैफलीचा म्हणून गाजला, परंतु त्यातील एक रचना मैफलीतली नसून स्टुडिओत मुद्रित झालेली आहे. 'थिन लिझी' या आयरिश रॉक वाद्यवृंदाच्या १९७८ सालच्या 'लाइव्ह अँड डेंजरस'वरचा वाद तर अजून शमलेला नाही. त्यातील बराच भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवला, असे निर्माता सांगत राहिला आणि वादक ते नाकारत राहिले.

प्रत्येक वाद्याचा आवाज वेगळ्या पट्टीवर साठवला जातो. मग मिश्रण करणारा तंत्रज्ञ ठरवतो की कोण पुढे, कोण मागे. कोण डाव्या कानात, कोण उजव्या. टाळ्या किती वेळ ठेवायच्या. दोन रात्रींचे मुद्रण असेल तर कोणत्या रात्रीची रचना घ्यायची, हाही निर्णय नंतरचाच. त्यामुळे पाहुण्याने यजमानाला झाकले, ही तक्रार करताना ती वादकाविरुद्ध आहे की मिश्रणाच्या मेजावर बसलेल्याविरुद्ध, हे आधी पाहावयास हवे. बेंजो पार्टीतही पाहुण्याचा कर्णा कोणी मोठा केला, हे बहुधा कोणी विचारत नाही. साध्या मोबाइलच्या कर्ण्यावर 'सॅटर्डे नाइट' ऐकला तर गिटार, संतूर आणि मेंडोलिन यांचा एकच काला होतो. कानाला यंत्र लावून ऐकल्यास तीच वाद्ये वेगळी होतात आणि पुष्कळशा तक्रारी आपोआप विरतात. सगळ्या नव्हेत. 'बेल'अल्ला'मधील तालवाद्यांची दाटी कोणत्याही यंत्राने विरळ होत नाही.

पाहुणा घरचा झाला

काळानेही या अल्बमचा निवाडा थोडा बदलला आहे. ज्या पाहुण्यांवर गर्दीचा ठपका आला, त्यांतले शंकर महादेवन या संचात कायमचे सामील झाले. चेंबूरमध्ये वाढलेला, चित्रपटसंगीतात नाव मिळवलेला हा गायक मूळच्या वाद्यप्रधान 'शक्ती'ला आवाज देऊन गेला. काही जुन्या श्रोत्यांना ते आजही रुचत नाही. गाणे आले की वाद्ये संगतीला बसतात, हा त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. २०२३ मध्ये 'शक्ती' या मूळ नावाने 'धिस मोमेंट' हा नवा अल्बम आला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला ग्रॅमी मिळाले, तेव्हा गायक तेच होते.

या अवधीत संचातील मंडळी मात्र एकेक करून गळत गेली. यू. श्रीनिवास २०१४ मध्ये अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी गेले. शिवकुमार शर्मा २०२२ च्या मे महिन्यात गेले. १५ डिसेंबर २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाकीर हुसेन यांनीही निरोप घेतला. मुंबईच्या त्या मैफली झाल्या ते वर्ष त्यांचे वडील उस्ताद अल्लारखा यांच्या निधनाचे होते. ३ फेब्रुवारी २००० रोजी ते गेले होते. मेंडोलिन, संतूर आणि तबला यांचे हे तीन हात आता पुन्हा एका मंचावर दिसणे नाही. तेव्हा लांबलेली वाटणारी 'शृंगार' आज लावणाऱ्याला ही गोष्ट मनातून काढून ऐकता येईल, असे वाटत नाही.

नव्याने ऐकू पाहणाऱ्याने आरंभ 'शृंगार'पासून करू नये, 'गिरिराज सुधा'पासून करावा. अल्बमवर ती श्रीनिवास यांच्या नावे असली, तरी तिचे मूळ संत त्यागराजांच्या कर्नाटक शैलीतील कृतीत आहे. गिरिराजसुता म्हणजे पार्वती, आणि ही कृती तिच्या पुत्राची, म्हणजे गणपतीची स्तुती आहे. २००१ च्या अल्बममध्ये पाहुणा म्हणून आलेल्या महादेवन यांनी ती गायिली आणि 'धिस मोमेंट'मध्ये घरचा गायक म्हणून पुन्हा गायिली. दोन्ही मुद्रणे लागोपाठ ऐकावीत. जोह्याच्या कारखान्यात मूर्तीच्या डोळ्यांची आखणी चालू असताना ती लावली, तर कोणी हरकत घेण्याचे कारण नाही. गिटार कोणाची सरस, हा वाद मात्र तेथेही होईलच.